एक बहीण लोह्याला, दुसरी अहमदपूरला

२ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्राच्या नकाशावर एक रेघ उमटली आणि ती कुणाच्या डोळ्यांना दिसली नाही. त्या दिवशी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पण सगळ्या राज्यात नव्हे. आठच जिल्ह्यांत. गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. या जिल्ह्यांत ज्याच्याकडे पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड होतं, त्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळणार होते. मूत्रपिंड बदलायचं असेल तर अडीच लाखांपर्यंत. हृदयाची झडप, मेंदूतली गाठ, कर्करोगाची केमो, भाजलेल्यांच्या शस्त्रक्रिया असे एकूण ९७२ उपचार त्या यादीत होते. ज्या घरात आजवर अशा आजाराचं नाव निघालं की बैलजोडी नाहीतर जमीन विकायची तयारी सुरू व्हायची, त्या घरांसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती!

आता जिल्ह्यांची ती यादी पुन्हा वाचा. नांदेड आहे. लातूर नाही.

नांदेडहून लातूरला निघालं की लोहा लागतं, मग माळाकोळी, आणि पुढे अहमदपूर. लोहा नांदेड जिल्ह्यात, अहमदपूर लातूर जिल्ह्यात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तीच काळी जमीन, तेच सोयाबीन, तीच तूर. बोलणंही तेच. समजा, दोन सख्ख्या बहिणी आहेत. एक लोह्याला दिलेली, दुसरी अहमदपूरला. दोघींच्या घरी दोन-तीन एकर कोरडवाहू, दोघींच्या घरी केशरी कार्ड. २०१२ च्या दिवाळीत दोघींच्याही नवऱ्यांच्या छातीत कळ आली असती, तर एका साडूचं ऑपरेशन योजनेत बसलं असतं आणि दुसऱ्याच्या घरी सावकाराकडे माणूस गेला असता. राज्याच्या उरलेल्या जिल्ह्यांत ही योजना पोचली ती २१ नोव्हेंबर २०१३ ला. मधल्या साडेसोळा महिन्यांत माळाकोळीच्या पुढची ती जिल्ह्याची शीव ओलांडली की मोफत उपचाराचा हक्क संपत होता.

ही रेघ कुणी आकसानं ओढलेली नव्हती. नावं नीट पाहिली की हिशेब कळतो: नागपूर विभागातून गडचिरोली, अमरावती विभागातून अमरावती, नाशिकमधून धुळे, पुण्यातून सोलापूर, कोकणातून रायगड आणि मुंबई, आणि मराठवाड्यातून नांदेड. राज्याच्या सहाही महसुली विभागांना थोडंथोडं देऊन योजना चालते कशी ते पाहायचं होतं. सरकारच्या जागी बसून विचार केला तर हे समंजसपणाचंच आहे. मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. अहमदपूर तालुका लातूर जिल्ह्यात का आहे, याचं कारण शोधायला गेलं की आपण १९५६ सालात जाऊन पोचतो.

निजामाच्या हैदराबाद राज्यात अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेचा कायदा झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला हे तीन तालुके मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आले. बिदरचा बाकीचा बराचसा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. तिकडे नांदेड जिल्ह्याचीही वाटणी झाली. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं, मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळं आंध्राकडे राहिली. किनवट मात्र आदिलाबाद जिल्ह्यातून उचलून इकडे आणलं. बासरची सरस्वती तेव्हापासून परराज्यात आहे आणि धर्माबादची माणसं अजूनही लेकराला अक्षरओळख करायला तिथेच घेऊन जातात. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा काढला. म्हणजे अहमदपूरच्या एखाद्या म्हातारीचं घर जागचं तसूभर हललं नाही, पण ती आधी बिदरची, मग उस्मानाबादची आणि शेवटी लातूरची झाली. भाषा आणि महसूल यांचा हिशेब मांडून माणसांनी ओढलेल्या त्या रेघा ५६ वर्षांनी हृदयाच्या झडपेपर्यंत पोचल्या. १९५६ साली अहमदपूर नांदेडला जोडलं असतं तर दोन्ही साडू योजनेत असते.

आता मुळातला प्रश्न. माणूस आजारी आहे आणि गरीब आहे, एवढं पुरेसं का नाही? तो कुठला रहिवासी, हे का विचारायचं?

याचं उत्तर दवाखान्यात मिळत नाही, विम्याच्या हिशेबात मिळतं. ही योजना विम्यावर उभी होती. सरकार प्रत्येक कुटुंबामागे विमा कंपनीला हप्ता भरायचं आणि कंपनी दवाखान्यांची बिलं चुकती करायची. कंपनी आधी विचारणार, कुटुंबं किती? हा आकडा ठरल्याशिवाय हप्ता ठरत नाही, आणि आकडा ठरायला यादी लागते. यादी म्हटली की कोण आत आणि कोण बाहेर, हे आलंच. शिवाय राज्यघटनेनं आरोग्य आणि दवाखाने हा विषय राज्यांकडे दिलेला आहे. पैसा राज्याच्या तिजोरीतून जाणार, तेव्हा यादीही राज्यातल्या माणसांचीच होणार. रहिवासाची अट म्हणजे खर्च कोणत्या खात्यावर पडायचा, या प्रश्नाचं उत्तर आहे. हा प्रश्न दोन सरकारी कार्यालयांमधला आहे, पण तो विचारला जातो स्ट्रेचरवरच्या माणसाला.

अशी यादी सरकारकडे होती कुठे? आरोग्य खात्याकडे नव्हतीच. ती होती पुरवठा खात्याकडे. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची शिधापत्रिका आली. वर्षाचं उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळी, १५ हजार ते एक लाख असेल तर केशरी, त्याच्या वर असेल तर पांढरी. गहू, तांदूळ, साखर आणि रॉकेल कुणाला किती द्यायचं, एवढंच तिच्यावरून ठरायचं. तिच्यावर कुटुंबप्रमुखाचं नाव होतं, घरातल्या सगळ्यांची नावं होती, गाव होतं आणि उत्पन्नाचा गट होता. योजनेला लागणारं सगळं त्या एका कागदावर आधीच लिहून ठेवलेलं होतं! रास्त भाव दुकानदाराच्या वजनकाट्यासाठी जन्मलेल्या कार्डानं बारा-तेरा वर्षांनी कर्करोगाच्या वॉर्डाचं दार उघडलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

पण रंगांची गंमत खरी कळते ती सीमेवर. बिलोली, देगलूर, धर्माबाद हे नांदेडचे तालुके तेलंगणाला लागून आहेत. तिकडे पूर्वीच्या आंध्र प्रदेशात एप्रिल २००७ पासून आरोग्यश्री नावाची योजना होती. आपल्या जीवनदायीनं तिचंच वळण गिरवलं. आरोग्यश्रीसाठी कोणतं कार्ड लागायचं? पांढरं. तिकडे गरिबाचं कार्ड पांढरं आणि बऱ्या परिस्थितीतल्या घराचं गुलाबी. आपल्याकडे पांढरं कार्ड म्हणजे लाखाच्या वर उत्पन्न, म्हणजे जीवनदायीत जागा नाही. दोन गावं, मध्ये एक ओढा किंवा नुसता बांध. अलीकडच्या गावात पांढऱ्या कार्डानं दवाखान्याचं दार बंद व्हायचं आणि पलीकडच्या गावात त्याच रंगानं उघडायचं. २०१८ साली धर्माबाद भागातल्या काही गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. मला वाटतं, ज्याच्या शेताच्या बांधापलीकडे दुसऱ्या सरकारच्या योजना उघड दिसतात, त्याला अशी तुलना करण्याचा पूर्ण हक्क आहे.

त्या पांढऱ्या कार्डाची पुढची कहाणी नांदेड आणि लातूर दोघांनाही जवळची आहे. दुष्काळ आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांच्या त्या वर्षांत सरकारच्या लक्षात आलं की पांढरं कार्ड असलेला शेतकरीही आतून पोखरलेला असू शकतो. कागदावर उत्पन्न लाखाच्या वर आणि विहिरीत पाणी नाही, अशी गत. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, यावरून त्या दिवसांची कल्पना यावी. तेव्हा राज्यातले १४ जिल्हे शेतीच्या संकटातले म्हणून धरले गेले: मराठवाड्याचे आठही, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा. या जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याला सातबारा दाखवून योजनेत घेतलं जाऊ लागलं. म्हणजे २०१२ साली जो लातूर जिल्हा शिवेबाहेर राहिला होता, तो आता आत होता आणि पहिल्याच तुकडीत असलेल्या सोलापूरचा पांढऱ्या कार्डाचा शेतकरी बाहेर. जमिनीच्या उताऱ्याचा दवाखान्याशी असा संबंध येईल असं सातबाराची पद्धत बसवणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

१ एप्रिल २०१७ पासून योजनेचं नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली, तिची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून काढलेली. १ एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र चालू लागल्या. केंद्राच्या यादीत नाव असलेल्याला एक फायदा असा की त्याचं कार्ड राज्याबाहेर, योजनेत असलेल्या दवाखान्यात चालतं. मुखेड-कंधारकडून कोयता घेऊन बेळगावकडच्या कारखान्यावर गेलेल्या कुटुंबाला हा फरक फार मोठा आहे. फडावर असताना बाई आजारी पडली तर रेशनकार्ड मुखेडला, माणूस कर्नाटकात.

आणि मग आली मला सगळ्यांत विलक्षण वाटणारी गोष्ट. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ही योजना ८६५ अशा गावांना लागू केली जी महाराष्ट्रात नाहीतच. सीमावादात महाराष्ट्रानं ज्यांवर हक्क सांगितला आहे ती ही कर्नाटकातली गावं. बेळगाव, कारवार, बिदर आणि कलबुर्गी या चार जिल्ह्यांतल्या १२ तालुक्यांत ती पसरलेली आहेत. त्यासाठी ५४ कोटी रुपयांची तरतूद झाली. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याला जोरदार हरकत घेतली. राजकारण बाजूला ठेवून घटनेकडे पाहा. एका राज्याचं सरकार म्हणतं, तू दुसऱ्या राज्यात राहतोस, तिथेच मत देतोस, तिथलंच रेशन घेतोस, तरी तुझ्या आजाराचा खर्च मी करीन. रहिवासाचा निकष इथे पार उलटा होऊन उभा राहतो. माणूस कुठे राहतो याऐवजी, तो कुठे असायला हवा होता असं सरकारला वाटतं, यावरून हक्क ठरला. बिदर जिल्ह्यातल्या भालकी, औरादकडच्या माणसाला उदगीर आणि लातूर तसंही परकं नव्हतंच. तिकडच्या लेकी इकडे आणि इकडच्या तिकडे, हे १९५६ च्या आधीपासून चाललं आहे.

लेकींचा विषय निघाला म्हणून सांगतो. रहिवासाची अट सर्वांत जास्त बाईला नडते, असं माझं मत आहे. लग्न झालं की माहेरच्या कार्डातून नाव कमी करायचं, तो नाव कमी केल्याचा दाखला सासरी आणायचा आणि मग सासरच्या कार्डात नाव चढवायचं. या दोन कामांच्या मधे महिने जातात, कधी वर्ष जातं. तेवढ्या काळात ती कुणाच्याच कार्डावर नसते. त्यात आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सासर उदगीरला आणि माहेर भालकीला असेल तर बाळंतपणाच्या वेळी ती राज्याची सीमा ओलांडून बसलेली असते.

नेमकी इथे एक चांगली गोष्ट आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. जून २०११ पासून देशभर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम चालू आहे. सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियनसुद्धा, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण, येण्याजाण्याचं वाहन, सगळं मोफत. आजारी नवजात बाळाचे उपचारही त्यात येतात. हा हक्क बाईच्या कार्डाच्या रंगावर नाही आणि जिल्ह्यावरही नाही. ती गरोदर आहे आणि दारात आली आहे, एवढं बास.

याची थोरवी कळायला साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये डोकवावं लागेल. तिथे गरिबाला मदत करायची जबाबदारी त्याच्या पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या गावकीवर होती. १६६२ च्या सेटलमेंट कायद्यानं ठरवलं की नवा माणूस गावात आला आणि तो पुढे गावावर ओझं होईल असं वाटलं, तर ४० दिवसांच्या आत त्याला मूळ गावी परत धाडता येईल. ४० दिवस निभावले की तो त्या गावचा. या कायद्याचा सर्वांत क्रूर परिणाम गरोदर बायकांनी सोसला. अविवाहित बाईचं मूल जिथे जन्मेल त्या गावचं ठरायचं, म्हणून दिवस भरलेल्या बायकांना गावकरी शिवेपलीकडे हाकलायचे. बाळ आपल्या हद्दीत जन्मू नये एवढ्यासाठी. उदगीरची सून माहेरी भालकीला बाळंत होते आणि सरकारी दवाखाना तिला कुठली तू असं विचारून परत पाठवू शकत नाही, ही गोष्ट त्या पार्श्वभूमीवर केवढी पुढची आहे!

काळाची मोजणी हा रहिवासाचा दुसरा चमत्कार. इंग्लंडमध्ये ४० दिवस. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात एक वर्ष. तिथल्या कायद्यानं गरिबाला मोफत दवाखाना मिळायला त्या काउंटीत सलग वर्षभर वास्तव्य हवं होतं. जून १९७१ मध्ये हेन्री एव्हारो नावाचा दम्याचा रोगी न्यू मेक्सिकोतून फिनिक्स शहरात राहायला आला आणि जुलैमध्येच त्याला श्वासाचा मोठा झटका आला. मेमोरियल हॉस्पिटल या खाजगी दवाखान्यानं त्याला दाखल करून घेतलं, पण मॅरिकोपा काउंटीनं त्याची जबाबदारी नाकारली, कारण त्याला वर्ष झालं नव्हतं. बिल होतं १,२०२ डॉलर ६० सेंटचं. एवढ्याशा बिलासाठी प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २६ फेब्रुवारी १९७४ ला न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी लिहिलेल्या निकालानं ती अट रद्द झाली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला जाणं हा नागरिकाचा हक्क आहे, आणि तो हक्क बजावला म्हणून त्याला उपचारासारख्या जगण्याच्या गरजेला मुकवणं ही शिक्षा ठरते, असं न्यायालयाला वाटलं.

आणि आपल्याकडे १५ वर्षं. महाराष्ट्राच्या अधिवास प्रमाणपत्रासाठी तहसील कार्यालयात साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे मागितले जातात. मराठवाड्यात हा आकडा जुनाच आहे. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी हवी तर माणूस मुलकी असावा लागे आणि १९१९ च्या मुलकी नियमांत बाहेरून आलेल्याला मुलकी व्हायला १५ वर्षांचं वास्तव्य सांगितलं होतं. या दोन पंधरांचा एकमेकांशी काही संबंध आहे असा माझा दावा नाही. पण नांदेडच्या एकाच घरातल्या पणजोबाला आणि पणतवाला आपण इथलेच हे सिद्ध करायला तेवढीच वर्षं मोजावी लागावीत, हे मनात घर करून राहतं.

हे प्रमाणपत्र दवाखान्याच्या वाटेत आलं ते २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं. योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही कार्ड चालेल. कार्डच नसेल तर अधिवास प्रमाणपत्र द्यावं. त्या निर्णयात मर्यादा ठरली कुटुंबाला वर्षाला पाच लाख, उपचार १,३५६, मूत्रपिंड बदलायला साडेचार लाख. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून सुरू झाला. माळाकोळीपुढची रेघ पुसली गेली, चौदा जिल्ह्यांची रेघ पुसली गेली, तीन रंगांची रेघही बरीचशी पुसली गेली. राज्याची सीमा तेवढी उरली.

तीही एका ठिकाणी उरली नाही. याच योजनेत रस्ता अपघाताच्या जखमींसाठी वेगळी सोय आहे. अपघात महाराष्ट्राच्या हद्दीत झाला असेल तर जखमी परराज्यातला असो की परदेशातला, एक लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत. हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून आलेल्या यात्रेकरूंची गाडी नांदेडच्या अलीकडे उलटली, तर त्यांच्याकडे इथलं रेशनकार्ड असणं शक्यच नाही. ते लागतही नाही. जखम इथे झाली, एवढं इथलेपण पुरतं.

अट नको म्हणणं सोपं आहे, पण दुसऱ्या बाजूचं ओझंही खरं आहे आणि नांदेडनं ते फार कठोर रीतीनं पाहिलं आहे. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यान २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. कारणांवर खूप वाद झाले, पण एक गोष्ट सगळ्यांनीच सांगितली: आसपासच्या ७०-८० किलोमीटरच्या टापूतला अत्यवस्थ रुग्ण शेवटी इथेच येतो. या रुग्णालयाला जिल्ह्याची शीव नाही. हिंगोलीचा येतो, परभणीचा येतो, यवतमाळकडचा येतो, तेलंगणाच्या काठचाही येतो. डॉक्टर, परिचारिका आणि औषधं मात्र मंजूर खाटांच्या हिशेबानं मिळतात.

दिल्लीत अशाच ओझ्यावर एक उपाय करून पाहिला गेला. २०१८ साली गुरू तेगबहादूर रुग्णालयात ८० टक्के खाटा दिल्लीच्या रहिवाशांसाठी राखून ठेवल्या. मतदार ओळखपत्र पाहून मोफत औषध. दिल्ली उच्च न्यायालयानं १२ ऑक्टोबर २०१८ ला तो आदेश रद्द केला. जून २०२० मध्ये कोविडच्या भरात तोच विचार पुन्हा आला आणि नायब राज्यपालांनी दुसऱ्याच दिवशी मोडीत काढला. सर्वोच्च न्यायालयानं तर १९९६ मध्येच वाट दाखवली होती. हकीम शेख नावाचा शेतमजूर बंगालमध्ये रेल्वेतून पडला आणि एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी खाट नाही म्हणून त्याला परत पाठवलं. वेळेवर उपचार देणं हे जगण्याच्या हक्कात येतं आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असं त्या निकालात म्हटलं आहे.

म्हणून माझा निवाडा असा. रहिवासाचा हिशेब जरूर ठेवा, पण तो रुग्ण घरी गेल्यावर करा. तेलंगणाचा रुग्ण विष्णुपुरीला बरा झाला तर त्याचं बिल हैदराबादला पाठवा. किनवटचा माणूस आदिलाबादला जवळ पडतं म्हणून तिथे गेला तर मुंबईनं पैसे द्यावेत. केंद्राच्या योजनेत राज्याराज्यांमध्ये असा हिशेब होतोच आहे. ज्या रुग्णालयाकडे शेजारच्या चार जिल्ह्यांचे रुग्ण येतात, त्याला चार जिल्ह्यांच्या मापानं माणसं आणि औषधं मिळाली पाहिजेत. तीन रेघा पुसता आल्या, तर चौथी पुसणं अशक्य नाही.

तोवर वाचकांनी एवढं करावं. घरातलं रेशनकार्ड आजच काढून पाहा. सुनेचं नाव चढलं आहे का, नातवाचं चढलं आहे का, कार्ड ऑनलाइन झालं आहे का, आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळतं का. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लग्नाच्या वर्षातच आणा. कार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्रासाठी माणूस आजारी पडायच्या आधी अर्ज करा. पुण्या-मुंबईच्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयात जायची वेळ आली तर तिथे २००६ पासून दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथली कसोटी उत्पन्नाची आहे, म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्या. आणि जीवावर बेतलं असेल तर कागद शोधत बसू नका, आधी दवाखाना गाठा. तातडीच्या वेळी फोनवरून तात्पुरती मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. दवाखान्यात पोचल्यावर योजनेचा आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा. फुले योजनेची माहिती १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकांवर मिळते.